लूपमधील व्हॉल्यूम पेटी : आवाज कमी न होणे, एकदम वाढणे आणि मध्येच नाहीसा होणे यांवरील उपाय

४० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प घरातल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत वाजवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. व्हॉल्यूमची कळ शून्यावर असेपर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि ती केसभर पुढे सरकवली की आवाज शेजारच्या घरात पोहोचतो. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतील एकमेकांना लागून असलेली घरे असोत किंवा लातूर-नांदेडकडील फ्लॅट असोत, भिंत सामाईक असल्यामुळे सरावाची वेळ ठरवताना आधी शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. यावर उपाय म्हणून अनेक गिटारवादक अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीअ‍ॅम्प (सिग्नल घडवणारा पहिला भाग) आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा भाग) यांच्या मध्ये दिलेल्या बाहेरच्या वाटेत, एक छोटी व्हॉल्यूम पेटी जोडतात. ही पेटी म्हणजे एक पॉट (कळ फिरवून कमी-जास्त होणारा रोध) आणि दोन जॅक, याहून अधिक काही नसते, तरीही ‘पेटी लावूनही फरक पडत नाही’, ‘आवाज बोदा झाला’, ‘आवाज येतो-जातो’ अशा तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. परभणीत गिटार अ‍ॅम्प आणि ऑर्केस्ट्रांचे साहित्य दुरुस्त करताना माझ्या पाहण्यात असे आले आहे की पेटी स्वतः बिघडलेली क्वचितच असते. दोष बहुधा ती कोठे जोडली, कोणत्या प्रकारच्या लूपमध्ये जोडली आणि तिच्यात कोणता पॉट आहे, यांत असतो.

आधी आवाजाचा हिशेब

गिटारसाठीच्या १२ इंची स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटर अंतरावर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज मिळतो. ९८ धरले, तर ४० वॉटला तो ११४ डेसिबलपर्यंत जातो आणि एका वॉटच्या हजाराव्या भागालासुद्धा ६८ डेसिबल उरतो. देशातील ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे असून त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे लक्षात घेतले तर घरी वाजवताना अ‍ॅम्पच्या एकूण ताकदीचा किती लहान अंश पुरेसा असतो ते समजते. ११४ वरून ६८ वर येणे म्हणजे ४६ डेसिबलची घट, आणि व्होल्टेजच्या भाषेत हे प्रमाण २०० ला १ आहे. मास्टर व्हॉल्यूमच्या, म्हणजे अ‍ॅम्पच्या एकूण आवाजाच्या कळीच्या पॉटला एकट्याने सिग्नल दोनशेव्या भागावर आणावा लागतो. त्याच्या फिरण्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात हे घडते आणि तेथे कार्बनची पट्टी कधीच एकसारखी नसते. म्हणूनच कळ केसभर हलली तरी आवाज उडी मारतो.

लूपमधील पेटीने सिग्नल आधीच विसाव्या भागावर आणला, तर मास्टरला तो फक्त दहाव्या भागावर आणायचा उरतो. लॉग प्रकारच्या, म्हणजे सुरुवातीला सिग्नल सावकाश वाढवणाऱ्या पॉटला ही जागा साधारण मध्यावर मिळते. पेटीचा खरा फायदा हाच आहे. अ‍ॅम्पची मूळ कळ पुन्हा बारकाईने फिरवता येते आणि प्रीअ‍ॅम्पमधील गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा पोत, जसा बसवला आहे तसाच राहतो. विहिरीवरची मोटर नेहमीच्या दाबाने चालू ठेवून वाफ्याच्या तोंडाशी पाणी कमी-जास्त करावे, तसे हे काम आहे. हीच पेटी गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये लावली तर प्रीअ‍ॅम्पलाच कमी सिग्नल मिळतो आणि डिस्टॉर्शनही ओसरते.

पुढे जाण्यापूर्वी सुरक्षेची एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही पेटी फक्त लूपच्या सेंड (सिग्नल बाहेर जाण्याचा) आणि रिटर्न (परत येण्याचा) या दोन जॅकच्या मध्ये लावायची असते. ती स्पीकरच्या जॅकला कधीही लावू नये. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतील वीज असा छोटा पॉट क्षणात जाळून टाकते आणि ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकरचा भार मिळाला नाही तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो. स्पीकरच्या बाजूने आवाज कमी करण्यासाठी अ‍ॅटेन्युएटर नावाचे वेगळे उपकरण असते, आणि ते अ‍ॅम्पची वॉट क्षमता व ओहम पाहूनच घ्यावे लागते. दोघांची नावे बाजारात एकमेकांच्या जागी वापरली जातात, त्यामुळे घेताना विचारून खात्री करावी.

पेटी लावली, पण आवाज कमी होत नाही

पहिली शंका जॅकबद्दल घ्यावी. पेटीकडे जाणारी केबल सेंडमध्ये आणि पेटीतून निघणारी केबल रिटर्नमध्ये हवी. प्रत्येक अ‍ॅम्पवर हीच नावे छापलेली असतात असे नाही. फेंडरच्या हॉट रॉड डिलक्सवर सेंडच्या जागी ‘प्रीअ‍ॅम्प आउट’ आणि रिटर्नच्या जागी ‘पॉवर अ‍ॅम्प इन’ असे लिहिलेले असते. ‘लाइन आउट’ मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण तेथे केबल लावल्याने आतला मार्ग तुटत नाही. सिग्नल पॉवर अ‍ॅम्पकडे पूर्ण जातच राहतो आणि पेटी केवळ शोभेची उरते. काही छोट्या अ‍ॅम्पमध्ये सेंड आणि रिटर्न एकाच स्टिरिओ जॅकमध्ये दिलेले असतात. तेथे एक स्टिरिओ पिन आणि दोन मोनो पिना असलेली वाय केबल लागते, साधी केबल चालत नाही.

जॅक बरोबर असूनही आवाज कमी होत नसेल, तर लूप समांतर प्रकारचा आहे का ते पाहावे. मालिका प्रकारच्या लूपमध्ये संपूर्ण सिग्नल बाहेर जाऊन परत येतो. समांतर लूपमध्ये मूळ सिग्नल आतल्या आत पुढे जात राहतो आणि बाहेरून आलेला भाग त्यात फक्त मिसळतो. अशा लूपमध्ये पेटी पूर्ण बंद केली तरी मूळ आवाज वाजत राहणारच. ओळखण्याची खूण सोपी आहे. अ‍ॅम्पच्या मागे ‘मिक्स’ किंवा ‘इफेक्ट लेव्हल’ नावाची कळ असेल, तर लूप बहुधा समांतर असतो. ती कळ शेवटपर्यंत फिरवून किंवा बटणाने लूप मालिका पद्धतीवर नेऊन पेटी पुन्हा तपासावी. ज्या अ‍ॅम्पमध्ये ही सोयच नाही, तेथे या पेटीचा नाद सोडलेला बरा.

लूप पायाच्या बटणाने चालू-बंद होणारा असेल तर अधिक सावध राहावे लागते. लूप बंद होताच पेटी मार्गातून बाहेर पडते आणि अ‍ॅम्प मास्टरवर लावलेल्या पूर्ण आवाजात गर्जू लागतो. वाजवताना पेटीची केबल ओढली गेली तरी असेच होते, कारण रिटर्नच्या जॅकमधील स्विच आतला मार्ग पुन्हा जोडतो. पेटी असताना मास्टर चार किंवा पाचवर ठेवण्याची सवय होते, त्यामुळे हा धक्का कानांना आणि स्पीकरला दोघांनाही त्रासदायक असतो. पेटी काढण्यापूर्वी मास्टर शून्यावर आणावा किंवा अ‍ॅम्प स्टँडबायवर टाकावा, आणि लहान मुले ज्या खोलीत वावरतात तेथे केबल पायात येणार नाही अशी बांधावी.

पेटीची कळ हलवताच आवाज उडी मारतो

येथे बहुधा पॉटचा प्रकार चुकलेला असतो. लिनिअर, म्हणजे फिरवाल त्याच प्रमाणात सिग्नल बदलणारा पॉट मध्यावर आणला तर सिग्नल निम्मा होतो, म्हणजे घट फक्त ६ डेसिबलची होते. विसाव्या भागावर येण्यासाठी त्याला एकूण फिरण्याच्या ५ टक्क्यांत, म्हणजे जेमतेम १५ अंशांत थांबवावे लागते. मूळ अडचण अ‍ॅम्पवरून उचलून पेटीवर ठेवल्यासारखे हे होते. लॉग पॉटमध्ये मध्यावर साधारण १० ते १५ टक्केच सिग्नल मिळतो आणि विसावा भाग पाव फेरीच्या आसपास येतो, जेथे बोटाने नेमके थांबता येते.

आशियाई बनावटीच्या पॉटवर ‘ए’ हे अक्षर लॉगसाठी आणि ‘बी’ हे लिनिअरसाठी असते, पण काही जुन्या युरोपीय मालावर हे उलटे सापडते. आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत लिनिअर पॉट सहज मिळतो आणि ‘१०० के द्या’ एवढेच म्हटले तर तोच हातात पडण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे दुकानातच मल्टिमीटर लावावा. पॉट मध्यावर ठेवून पहिल्या आणि मधल्या पायामधील रोध मोजावा. १०० किलोओहमच्या पॉटवर ५० च्या आसपास आकडा आला तर तो लिनिअर, आणि १० ते १५ च्या आसपास आला तर लॉग.

जोडणीत पायांची अदलाबदल हे दुसरे कारण. पॉटचा दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडचा पाय पहिला, मधला दुसरा आणि उजवीकडचा तिसरा. सेंडची तार तिसऱ्या पायाला, रिटर्नची तार दुसऱ्याला आणि दोन्ही जॅकचा ग्राउंड पहिल्याला डाग देऊन जोडावा. सेंड दुसऱ्या पायाला आणि रिटर्न तिसऱ्याला जोडला तरी आवाज कमी-जास्त होतो, पण कळ खाली आणली की सेंडच ग्राउंडला टेकतो, प्रीअ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यावर नको तेवढा भार पडतो आणि नियंत्रण बिघडते. बाजारात जुळवून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पेट्यांतही ही चूक आढळते, त्यामुळे मागची चार स्क्रू काढून एकदा पाहण्यास हरकत नाही. या पेटीत कोणतीही वीज नसते.

आवाज बोदा होतो, वरच्या सुरांची धार जाते

हा दोष समजून घेण्यासारखा आहे, कारण तो नव्या पेटीने नव्हे, लहान केबलने दूर होतो. पॉट अर्ध्या सिग्नलवर असताना पेटीचा आउटपुट रोध सर्वांत जास्त, म्हणजे पॉटच्या किमतीच्या चौथ्या भागाइतका असतो. त्यापुढे लावलेल्या केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड क्षमता असते. रोध आणि क्षमता मिळून वरच्या कंपनसंख्या कापणारी गाळणी तयार होते. पेटीपासून रिटर्नपर्यंत ३ मीटरची केबल धरली, तर १०० किलोओहमच्या पॉटने ही गाळणी २१ हजार हर्ट्झच्या आसपास बसते आणि कानाला काही जाणवत नाही. २५० किलोओहमने ती साडेआठ हजारांवर येते. ५०० किलोओहमचा पॉट, जो अनेकजण गिटारमधील जुना काढून वापरतात, ती सव्वाचार हजारांवर आणतो आणि मग गिटारचा चमकदारपणा उघडच जातो. पेटी अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवून अर्ध्या-एक मीटरच्या केबलने रिटर्न जोडला, तर बहुतेक तक्रारी तेथेच मिटतात. पेटी पायाजवळ ठेवण्याचा आग्रह असेल, तर पॉटची किंमत कमी हवी.

येथे कोणी विचारेल की मग १० किलोओहमचाच पॉट का घालू नये. त्याचे उत्तर सेंडच्या बाजूला आहे. ज्या अ‍ॅम्पमध्ये सेंडपूर्वी बफर (पुढचा भार पडला तरी सिग्नल न ढासळू देणारा टप्पा) असतो, तेथे २५ किलोओहमचा पॉट सहसा चालतो. परंतु काही साध्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये सेंड थेट १२एएक्स७ ट्यूबच्या प्लेटवरून घेतलेला असतो आणि तेथील आउटपुट रोध ३८ किलोओहमच्या आसपास असतो. त्याला २५ किलोओहमचा भार दिला तर पेटी पूर्ण उघडी असतानाही निम्म्याहून अधिक सिग्नल नाहीसा होतो आणि तो टप्पा वेळेआधीच फाटू लागतो. म्हणून अ‍ॅम्पची आतली रचना ठाऊक नसेल, तर १०० किलोओहम लॉग हाच मधला मार्ग मी सुचवतो.

पेटीऐवजी व्हॉल्यूम पेडल वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. एर्नी बॉलची पेडले २५० आणि २५ किलोओहम अशा दोन प्रकारांत मिळतात. बॉसच्या एफव्ही ५०० मध्ये ‘एच’ आणि ‘एल’ असे प्रकार आहेत. यांपैकी २५ किलोओहमचे किंवा ‘एल’ प्रकारचे पेडल बफर असलेल्या लूपसाठी योग्य असते आणि दुसरा प्रकार थेट गिटारनंतर लावण्यासाठी असतो.

आवाज मध्येच क्षीण होतो आणि पुन्हा येतो

हीच खरी वारंवार येणारी तक्रार आहे. तिच्यामुळे ट्यूब बदलल्या जातात, स्पीकर बदलला जातो आणि दोष तसाच राहतो. लूपमध्ये काहीही लावलेले नसते तेव्हा सिग्नल रिटर्नच्या जॅकमधील एका छोट्या पत्रीवरून पुढे जातो. ही पत्री महिनोन्‌महिने हललेली नसते. आपल्याकडे उन्हाळ्याची बारीक धूळ, तिच्यामागून येणारा पावसाळी दमटपणा आणि मांडवातून मांडवात होणारा प्रवास यांमुळे तिच्यावर थर चढतो. मग आवाज हळूहळू उतरतो, एखादा स्वर जोरात वाजवला की अचानक पूर्ण येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जातो.

याची चाचणी करायला एक छोटी, चांगली पॅच केबल पुरते. ती सेंडमधून थेट रिटर्नमध्ये लावावी. आवाज पूर्ववत आणि स्थिर झाला, तर दोष त्या पत्रीचाच आहे. पेटी लावलेली असताना आवाज स्थिर आणि पेटी काढल्यावर मात्र अस्थिर, हेही त्याच दोषाचे लक्षण आहे. अनेकजण त्यावरून ‘पेटीने अ‍ॅम्प बिघडवला’ असा उलटा निष्कर्ष काढतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. याउलट पॅच केबलने आवाज स्थिर राहतो, पण पेटी लावल्यावर खरखर होते, असे असेल तर पेटीचा पॉट किंवा तिचे डाग तपासावेत.

साफसफाईसाठी अ‍ॅम्प बंद करून प्लग भिंतीतून काढावा, जॅकमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारावा आणि पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी. क्लीनर मिळाला नाही तर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल पिनेला लावून तेच करावे. गंज सोडवण्याचे तेलकट फवारे वापरू नयेत, कारण मागे राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते. अ‍ॅम्पचे मागचे झाकण उघडू नये. ट्यूब अ‍ॅम्पमधील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब साठून राहू शकतो आणि तो जिवावर बेततो. स्वच्छ करूनही दोष परत आला, तर पॅच केबल कायम लावून ठेवावी आणि सवडीने जाणकाराकडून जॅक बदलून घ्यावा.

गुणगुण आणि अर्थिंग

पेटी प्लॅस्टिकची असेल तर ती धातूची घ्यावी आणि जॅकचा ग्राउंड पेटीच्या पत्र्याला टेकलेला असावा. लूपच्या केबली मेन्सच्या तारेला समांतर बांधू नयेत. एवढे करूनही गुणगुण उरते का, हे पाहण्यासाठी पेटी काढून पॅच केबल लावावी. गुणगुण तशीच असेल तर कारण पेटीबाहेर आहे. ५० हर्ट्झचा खर्जातला सूर बहुधा अर्थिंगकडे किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवतो. त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा सूर अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्यातील थकलेल्या कपॅसिटरकडे निर्देश करतो. भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावल्यावरच कर्कश गुणगुण येत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह प्रकारचा आहे का ते पाहावे.

मराठवाड्यात या संदर्भात एक गोष्ट आवर्जून तपासावी लागते. काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि कोरडी पडल्यामुळे तिचा रोध वाढतो. पावसाळ्यात शांत असलेला अ‍ॅम्प उन्हाळ्यात गुणगुणू लागतो, त्याचे हे एक कारण असते. अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि फरक पडला नाही तर वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन मोडणे हा उपाय नाही. तो गिटारच्या तारांना हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

डिले, रिव्हर्ब आणि बारीक आवाज

लूपमध्ये डिले किंवा रिव्हर्बची पेडले असतील तर पेटी सर्वांत शेवटी, रिटर्नच्या लगेच आधी लावावी. त्यामुळे पेडलांची सरसरही सिग्नलबरोबर कमी होते. लूपचा सिग्नल जास्त ताकदीचा असल्यामुळे पेडल फाटत असेल, तर मात्र पेटी पेडलांच्या आधी नेऊन पाहावी किंवा अ‍ॅम्पमागे लूपच्या सिग्नलची पातळी निवडणारा -१० आणि +४ असा स्विच असेल तर तो -१० वर ठेवावा. या दोन पातळ्यांत जवळपास १२ डेसिबलचे अंतर आहे.

आवाज कमी केल्यावर तो पातळ वाटतो, ही तक्रार पेटीने दूर होणारी नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिल्याप्रमाणे कमी पातळीवर मानवी कानाला खर्ज आणि तार दोन्ही मध्यमापेक्षा कमी ऐकू येतात. शिवाय पॉवर ट्यूब आणि स्पीकर दाबाखाली येऊन जो भरीव नाद देतात, तोही येथे नसतो. लूपमध्ये इक्वलायझर पेडल लावून १०० आणि २०० हर्ट्झचे पट्टे थोडे वर घेतले तर बरीच भरपाई होते. बॉसच्या जीई-७ सारख्या पेडलला १५ डेसिबलपर्यंत खाली येणारी स्वतःची लेव्हलची पट्टी असते, त्यामुळे काही जणांना वेगळी पेटी लागतही नाही.

ज्या अ‍ॅम्पला लूपच नाही, उदाहरणार्थ फेंडरचा ब्लूज ज्युनिअर, तेथे ही पेटी बसत नाही. अशा वेळी अ‍ॅम्पला छिद्रे पाडून लूप बसवून घेण्यापेक्षा स्पीकरच्या ओहमशी जुळणारा अ‍ॅटेन्युएटर घ्यावा, असे माझे मत आहे. त्याने पॉवर ट्यूबचा भरीवपणाही टिकतो आणि अ‍ॅम्प मूळ स्थितीत राहतो.